वासंती एसटीत बसली ते बरोबर की चूक

पुस्तक न वाचता त्यावर अभिप्राय देणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पण एकच कादंबरी वर्षानुवर्षं उशाशी ठेवून, तिची पारायणं करून, ओळखीच्या-अनोळखी झाडून सगळ्यांना तिच्याबद्दल काय वाटतं ते विचारून, स्वतःला काय वाटतं ते मात्र ओठांबाहेर न काढणारा माणूस अख्ख्या मराठी मुलखात एकच झाला, आणि तो माझा चुलत सासरा होता. लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडला राहायला आलो ते नव्वदच्या आसपास. आमच्या इमारतीच्या एका अंगाला मिठागर होतं आणि दुसऱ्या अंगाला होऊ घातलेल्या इमारतीचे नुसते खांब. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि तळमजल्यावर एकटे काका. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. रात्रीचं जेवण ते आमच्याकडे घेत आणि जेवता जेवता आमटीपासून सरकारपर्यंत सगळ्यांची झडती घेत.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. म्हणजे दुकानदारांची वजनं आणि काटे तपासून त्यांवर शिक्का मारणं हे त्यांचं काम. खात्यानं त्यांना रीतसर नारळ दिला, शाल दिली, निरोपाची भाषणं केली, पण काकांपर्यंत त्यातलं काही पोचलं नसावं. लेंग्याच्या उजव्या खिशात दोनशे ग्रॅमचं पितळेचं वजन ठेवून ते रोज सकाळी फिरायला निघत. त्या वजनामुळे त्यांचा खिसा कायम गुडघ्यापर्यंत लोंबलेला असे आणि काका चालताना किंचित उजवीकडे कलत. ते लांबून कलत येताना दिसले की स्टेशनपर्यंतचे वाणी आपापले काटे फडक्यानं पुसायला घेत. रेशनच्या दुकानात रॉकेलचं माप भरत असताना काका मागून शांतपणे म्हणत, "फेस बसू दे," आणि अख्खी रांग फेस बसेपर्यंत मुकाट उभी राहत असे. पेढ्यांचा पुडा हाती आला की कुणाचं काय झालं हे विचारण्याआधी ते म्हणत, "हे खोक्यासकट वजन करतात." माझी मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी नाकडोळे कुणावर गेलेत ते पाहिलं. काकांनी नर्सला विचारलं, "सिस्टर, या काट्याचं पासिंग कधी झालंय?" नर्सला उत्तर देता आलं नाही, म्हणून मुलीचं जन्माचं वजन काकांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही अगदी बरोबर काटा भेटला नव्हता. कुठे पारड्याखाली चिंचेचा गोळा, कुठे दांडीला झोल, कुठे मालकाचं बोट. "सूनबाई, दांडी सरळ राहते ती फक्त कोर्टाच्या चित्रात," असं ते मला पोळी मोडता मोडता सांगत. त्यामुळे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या गाळ्यात एक बाई रद्दी तोलताना दिसल्या तेव्हा काकांचे पाय आपोआप तिकडे वळले. त्या बाईंची लायब्ररी होती. आईचं आजारपण काढता काढता लग्नाचं राहून गेलेल्या, सुती साड्या नेसणाऱ्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवणाऱ्या बाई. जुनी मासिकं त्या रद्दीत काढत आणि तीही स्वतः तोलून देत. काका आत गेले, खिशातून वजन काढलं आणि एक अक्षर न बोलता बाईंच्या दोनशेच्या वजनासमोरच्या पारड्यात ठेवलं. दांडी सरळ उभी राहिली. काकांनी पारडी अदलाबदल करून पाहिली, वाकून खाली पाहिलं, बाईंची बोटं कुठे आहेत तेही पाहिलं. दांडी सरळच. त्या दिवशी काका घरी आले ते आमटीत मीठ नाही हे न कळता जेवले, आणि आमच्या नवराबायकोच्या लक्षात आलं की काकांचं काही खरं नाही.

तिथल्या तिथे ते लायब्ररीचे सभासद झाले होते. सभासद झालं की पुस्तक घ्यावं लागतं याची त्यांना कल्पना नसावी. त्यांचं वाचन म्हणजे अग्रलेख आणि सरकारी राजपत्र. हाताला लागलं ते पुस्तक त्यांनी उचललं. ती निघाली साठच्या दशकातली, तेव्हाच्या तरुणांच्या प्रेमाची कादंबरी. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिलं पान गायब, त्यामुळे नाव काय आणि लिहिली कुणी हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. सगळे तिला वासंतीची कादंबरी म्हणत. गोष्ट साधी होती. धरणाच्या कामावर आलेला सुधाकर नावाचा तरुण इंजिनियर वासंतीच्या वडिलांच्या घरी भाड्यानं खोली घेतो. वासंती त्याला रोज संध्याकाळी चहा आणून देते. सुधाकरला तिला लग्नाचं विचारायचं असतं. पण विचारायला गेला की कधी पाहुणे येतात, कधी गाय सुटते, कधी दिवे जातात. असं करत करत धरण पुरं होतं, सुधाकरची बदली होते, आणि वासंती दूरच्या गावी शाळेत नोकरी धरते. शेवटी तो धावतपळत एसटी स्टँडवर पोचतो, तोंड उघडतो, आणि वासंती एसटीत बसून निघून जाते. कादंबरी संपली.

आता बाईंच्या लायब्ररीचा एक नियम होता, जो दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीत नसेल. पुस्तक परत करताना ते कसं वाटलं ते बाईंना समोर उभं राहून सांगायचं. अभिप्राय दिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नसे. बायका भाजीच्या पिशव्या सांभाळत "शेवट गोड केलाय हो" असं काहीबाही सांगत आणि पुढचं पुस्तक घेऊन जात. काकांपुढे मात्र धर्मसंकट उभं राहिलं. वासंतीचं बरोबर होतं असं म्हणावं, तर बोलायला वेळ लावणारा सुधाकर दोषी ठरतो, आणि स्वतः काका आठवडाभर त्या गाळ्यासमोरून येरझाऱ्या घालून "आज दमट आहे" यापलीकडे बोलले नव्हते. वासंतीचं चुकलं म्हणावं, तर एका बाईसमोर दुसऱ्या बाईला नावं ठेवल्यासारखं होतं. "दोन्ही पारडी सारखी आहेत, सूनबाई," ते मला हताशपणे म्हणाले. पुस्तक परत करायला गेले आणि बाईंनी विचारलं, "काय इन्स्पेक्टरसाहेब, कसं वाटलं?" काकांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आमच्या समोरच्या बेनना विचारून सांगतो."

झालं. तिथून आमच्या इमारतीची शांतता गेली. काका दारोदार वासंतीबद्दल मतं गोळा करत फिरू लागले. ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं त्यांना हिंदीतून गोष्ट सांगून मत घेत. समोरच्या गुजराती बेन पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, "अरे भाई, लडका कुछ बोलताज नहीं, तो लडकी क्या करे? बस में बैठे नहीं तो क्या बस के पीछे दौडे?" काशीगावहून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवालीला काकांनी जिन्यात बसवून सगळी कादंबरी ऐकवली. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली, न् बाई थांबली न्हाय त बाईची चूक? बाईला काय काम न्हाय? मेथी घ्यायची हाय का न्हाय त्या बोला." माझा नवरा नुसता एवढंच म्हणाला, "काका, मी आत्ता येतोय ऑफिसातून, जेवू द्या." काकांनी दुसऱ्या दिवशी ही सगळी मतं बाईंना जशीच्या तशी नेऊन सांगितली, आणि वर म्हणाले, "पुतण्या सध्या तटस्थ आहे. जेवणानंतर बदलू शकतो." बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा वर करून विचारलं, "आणि तुमचं?" काका म्हणाले, "माझं अजून व्हायचंय." बाईंनी त्याच पुस्तकाची मुदत वाढवून दिली.

मतं घेतानाही काकांमधला निरीक्षक जागा असे. "छान आहे" असं कुणी म्हणालं की ते विचारत, "छान म्हणजे किती छान?" टाइमपास आहे म्हणणाऱ्याला त्यांनी सुनावलं की टाइम आपोआपच पास होतो, त्यात पुस्तकाचा काय संबंध. वजनात कमी भरणारा अभिप्राय ते बाईंपर्यंत नेतच नसत. लोक त्यांना पाहून दुसऱ्या जिन्यानं जायला लागले. पण ती कादंबरीही अशी चिवट की एकदा कानावर पडली की डोक्यातून जाईना. वरच्या मजल्यावरच्या एका जोडप्यानं वासंतीवरून अबोला धरला, आणि तो मोडायला काकांनाच जावं लागलं. काका बाईंसाठी झुरतायत हे एव्हाना दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आम्ही सगळे मनातल्या मनात देव पाण्यात बुडवून बसलो होतो की एकदा हा माणूस स्वतःचं मत त्या बाईसमोर उच्चारो. बाईंना ठाऊक होतं की नाही हे मात्र सांगता येत नव्हतं. त्यांचा चेहरा त्यांच्या काट्यासारखा होता. मलाही काकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "वासंतीचं बरोबर होतं. किती वाट बघायची माणसानं?" काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "सूनबाई, विचार करून सांगा," ते म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना आग्रह करून आणखी भात वाढला.

या प्रकरणाचा कळस झाला तो सोसायटीच्या वार्षिक सभेत. त्या काळी मीरा रोडला पाणी टँकरनं येई, आणि टँकर कुठल्या विंगच्या टाकीत आधी रिकामा करायचा यावरून ए विंग आणि बी विंग यांच्यात उभा दावा होता. सभा गच्चीवर भरली. टँकरचा विषय निघाला, दोन्ही विंगा बाह्या सरसावून उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात काका उठून म्हणाले, "अध्यक्षमहाशय, ऐनवेळचा एक विषय मांडायचा आहे." आमचे सेक्रेटरी रत्नागिरीचे. ते म्हणाले, "काका, टँकरचं अजून झालं नाय." पण अध्यक्ष होते एक सिंधी गृहस्थ. त्यांना टँकर सोडून कुठलाही विषय चालणार होता. त्यांनी परवानगी दिली, आणि काकांनी सभेपुढे वासंतीचा प्रश्न ठेवला. मग ए विंगमधून कुणीतरी म्हणालं, वासंतीचं बरोबर होतं. बस्स, तेवढं पुरलं. बी विंग एका आवाजात सुधाकरच्या बाजूनं उभी राहिली. ज्यांनी कादंबरी ऐकली होती ते न ऐकलेल्यांना समजावू लागले. "सुधाकर धरणावर होता ना? मग त्या धरणाचं पाणी कुठल्या गावाला मिळालं, ते लिहिलंय का पुस्तकात?" असा एक प्रश्न आला. बेन म्हणाल्या की मुलाला बोलता येत नसेल तर त्याच्या आईनं यायला हवं होतं. कुणीतरी गायीला जबाबदार धरलं. सेक्रेटरी कपाळाला हात लावून बसले होते, पण एकदा मधेच तेही म्हणाले, "पन एसटीनं थांबाया हवा होता." शेवटी मतदान झालं तर समसमान. निर्णायक मत अध्यक्षांचं. त्या सिंधी गृहस्थांनी टकलावरून हात फिरवला, काकांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एक चान्स दे दो यार लडके को. बस तो दूसरी भी आएगी."

ठराव मंजूर झाला. मी तो स्वतः वाचला आहे. "वासंतीने एसटीत बसण्यापूर्वी सुधाकरास बोलण्याची एक संधी द्यावी, असे ही सभा बहुमताने ठरवते. ठरावाची प्रत संबंधितांस पाठवावी." सूचक, अनुमोदक, सह्या, सोसायटीचा गोल शिक्का, सगळं यथासांग. टँकरचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. संबंधित कोण हे सांगायला नकोच. ठरावाची प्रत घेऊन काका इस्त्रीचा शर्ट घालून लायब्ररीत गेले. जाताना त्यांचा खिसाही नेहमीपेक्षा कमी लोंबल्यासारखा वाटत होता. बाईंनी ठराव दोन्ही बाजूंनी वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला. "चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या लायब्ररीचा सभासद कोण आहे? सोसायटी की तुम्ही?" काका म्हणाले, "मी." बाई म्हणाल्या, "सोसायटीला मी पुस्तक देत नाही, इन्स्पेक्टरसाहेब. तुमचा अभिप्राय आणा." काका परत आले आणि तळमजल्याच्या पायरीवर बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, "सूनबाई, एवढी माणसं उभी केली पारड्यात, तरी दांडी हलत नाही." मी त्यांना म्हटलं, "काका, पारड्यात तुम्ही कुठे बसलाय?"

मग केबल आली. घराघरात दुपारी बायका पुस्तकाऐवजी टीव्हीसमोर बसू लागल्या. गिरणीवाल्याला त्या गाळ्याचं चांगलं गिऱ्हाईक मिळालं, आणि बाईंनी पाटी लावली की लायब्ररी बंद होत आहे, सभासदांनी पुस्तकं परत करावीत. बाई भाईंदरला इंद्रलोक नावाच्या वस्तीत धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. तसं पाहिलं तर इंद्रलोक काही दूर नाही, शेअर रिक्षानं माणूस बोलता बोलता पोचतो. पण काकांनी ती बातमी अशी ऐकली की बाई खरोखरच देवांच्या गावी निघाल्यात. खोटं नव्हतं ते. लायब्ररी असताना काकांना तिथे जायला कारण होतं. एका एकट्या बाईच्या बहिणीच्या घरी, हातात कारण नसताना, काका कुठल्या तोंडानं जाणार? त्या आठवड्यात ते वाण्याकडे गेले नाहीत. रॉकेलचा फेस कुणी बसू देत नव्हतं. वाणी मला हळूच विचारून गेला, "भाभी, काका बिमार है क्या?"

शेवटच्या दिवशी माझीही पुस्तकं परत करायची होती, म्हणून मी काकांबरोबर गेले. गाळा ओळखू येत नव्हता. कपाटं रिकामी, पुस्तकांची खोकी सुतळीनं बांधून दाराशी लावलेली, आणि पलीकडे गिरणी घरघरत होती. माझी पुस्तकं घेऊन बाईंनी मला अभिप्राय विचारला, मी काहीतरी सांगितलं. मग काका पुढे झाले. त्यांनी ती मुखपृष्ठ नसलेली कादंबरी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. "काय इन्स्पेक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "कसं वाटलं?" काकांनी तोंड उघडलं. गिरणीचा आवाज एवढा होता की माझ्या मनात आलं, झालं, आता यांची एसटी सुटली. मी सरळ पलीकडे गेले आणि गिरणीवाल्याला हात जोडून म्हटलं, "भैया, दो मिनिट बंद करो." तो भला माणूस. कारणही न विचारता त्यानं खटका खाली केला. परत आले तेव्हा गाळ्यात शांतता होती आणि काका बोलत होते. "बाई, हे पुस्तक फार लांबलंय," ते म्हणाले. "सुधाकरनं चौथ्या प्रकरणातच विचारायला हवं होतं." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिसऱ्या," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यात ती चहा घेऊन थेट फाटकापर्यंत येते. चहाचा कप द्यायला कुणी फाटकापर्यंत येतं का?" काकांनी पुस्तक उघडलं, तिसरं प्रकरण काढलं, उभ्या उभ्या ते पान वाचलं आणि मिटलं. "माझ्या ध्यानात आलं नव्हतं," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे."

नियम तो नियम. अभिप्राय मिळाला होता, म्हणजे आता सभासदाला दुसरं पुस्तक द्यायला हवं होतं. बाई सवयीनं उठल्या, कपाटाकडे वळल्या, आणि रिकाम्या फळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मला बघवेना. मी खाली मान घालून पिशवीतली मेथी निवडायला लागले. मग सुतळी कापल्याचा आवाज आला. बाईंनी सगळ्यांत वरचं, पक्कं बांधलेलं खोकं सोडलं होतं आणि हाताला येईल ते एक पुस्तक काढून काकांपुढे धरलं होतं. लोणच्या-मुरंब्यांच्या कृतींचं पुस्तक होतं ते. "आठ दिवसांत परत आणा," त्या काकांच्या कार्डावर लिहीत म्हणाल्या. "पत्ता बदलला आहे. बाकी नियम तेच आहेत." गिरणीवाल्यानं पलीकडून विचारलं, "भाभी, चालू करूं?"

करून पाहिल्याशिवाय अभिप्राय देणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात चार कैऱ्या, अर्धी बाटली तेल आणि माझी एक चांगली चादर एवढ्याचा निकाल लावून लोणचं घातलं, आणि मुदत संपायच्या दिवशी बरणी फडक्यात बांधून शेअर रिक्षात बसले. रिक्षावाल्याशी त्यांचं पुढे बसवलेल्या जास्तीच्या माणसाच्या वजनावरून भांडण झालं ते आम्हाला तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू आलं. संध्याकाळी काका परतले तेव्हा पिशवीत दुसरं पुस्तक होतं. त्यानंतर दर आठ दिवसांनी ते इंद्रलोकला जाऊ लागले. प्रवासवर्णनं झाली, ज्योतिष झालं, बालवाङ्मय झालं. आता ते कुणाला मत विचारत नसत. जेवताना बोट वर करून स्वतःच सांगत, "माझा अभिप्राय असा आहे." कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्यांचा उजवा खिसा लोंबायचा थांबलाय आणि ते सरळ चालायला लागलेत. त्यांनी बाईंना पुढे काही विचारलं का, बाईंनी काही उत्तर दिलं का, ते आम्ही कधी विचारलं नाही. लग्न काही झालं नाही. पण दर आठ दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून निघालेले काका आम्ही पुरती पाच-सहा वर्षं पाहिले, आणि त्यांच्याइतका आनंदी माणूस मीरा रोडला दुसरा नव्हता असं मी कुणासमोरही सांगेन.

काका गेले ते झोपेतच. उशाशी बाईंचं पुस्तक होतं, मधोमध लायब्ररीच्या जुन्या पावतीची खूण घातलेलं. दिवस-वार आटोपल्यावर ते परत करायला मीच इंद्रलोकला गेले. बाईंच्या बहिणीच्या घरी गॅलरीत एक टेबल होतं, त्यावर एकाच सभासदाचं कार्ड होतं, आणि कार्ड वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दोनशे ग्रॅमचं पितळेचं वजन ठेवलेलं होतं. मी पुस्तक पुढे केलं. वाटेत रिक्षात मी ठरवत होते की कसं वाटलं असं विचारलं तर काय सांगायचं. काकांचं तर अर्धंच वाचून झालं होतं. बाईंनी पुस्तक घेतलं, खुणेचं पान उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि मिटून मांडीवर ठेवलं. विचारलं काहीच नाही. मग उठून आतल्या कपाटातून एक पुस्तक आणलं आणि माझ्या हातात दिलं. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिलं पान गायब. "बाई, अभिप्राय?" मीच विचारलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांनी ये."